खालच्या गल्लीतला दाब

शेवटचं म्हणून आम्ही दोघांनी जे केलं ते एवढंच, की बाटली भरली.

मी भरली, बायको बघत होती. रोजच्यासारखंच. प्लॅस्टिकची पांढरी बाटली, तिच्यावर मुलीनं नखांना लावायच्या लाल रंगानं रेघ मारलेली. रेघेपर्यंत पाणी, वर थेंब नाही. दिवसाचं पाणी तेवढंच, बाकी चहात-आमटीत जाईल ते. किडनी बंद पडलेल्या माणसाला पाणी मोजूनच द्यावं लागतं. आत गेलेलं बाहेर पडायला वाट नसते, मग ते पायात उतरतं, छातीत भरतं.

मी बाटली उजेडात धरली. ती खाटेवरनं म्हणाली, "वाकडी धरलीत. चमचाभर कमी आहे."

"नाही कमी."

"अख्ख्या दत्तवाडीला पाणी पाजलंत. माझ्याच वेळेला बरा हात आखडतो तुमचा."

मी चमचाभर घातलं. ती समाधानानं उशीला टेकली आणि तिनं रोजचा प्रश्न विचारला, "गोळी घेतलीत?"

"उद्यापासून घेतो."

"तुमचं उद्या म्हणजे टेकडीवरच्या शेवटच्या नळाचं पाणी. आत्ता येईल म्हणून बाई हंडा लावून बसते आणि तिथंच म्हातारी होते."

तिच्या डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवून बघितली, तेही रोजचंच, का ते पुढं सांगतो. मग पिशवी घेऊन दुधाला गेलो. त्याच दिवशी दुपारी ती गेली. जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. असेल.

मी चावीवाला. महापालिकेत पाणी सोडायचं काम केलं, रिटायर होईपर्यंत तेच. नवीन लोकांना हे काम माहीत नसतं. त्यांना वाटतं पाणी आपोआप येतं. रस्त्यात चेंबरची लोखंडी झाकणं असतात, त्यांच्या खाली व्हॉल्व्ह असतो, आणि तो फिरवायला कमरेएवढी उंच लोखंडी चावी. झाकण उचलायचं, चावी आत सोडायची, खाली चौकोनी टोकावर बसली की हाताला कळतं. मग आटे मोजत फिरवायची. कुठल्या व्हॉल्व्हला किती आटे हे कागदावर कुठं नसतं, ते चावीवाल्याच्या हातात असतं. माझ्या भागातले सगळे मला पाठ होते. पोरीचा वाढदिवस विसरायचो, आटे विसरलो नाही.

पहाटे पहिला व्हॉल्व्ह उघडला की आधी काही होत नाही. मग खाली लांब कुठंतरी हवा सुटते, घशात खाकरल्यासारखी. आणि मग पाणी येतं, तेव्हा चावीचा दांडा थरथरायला लागतो. तळहातातनं कोपरापर्यंत चढत जाते ती थरथर. मी चावीला कान लावून उभा राहायचो. काही गरज नसायची, पण राहायचो. रस्त्यावर धुकं, दिवे पिवळे, पर्वतीच्या टेकडीवर अजून अंधार, आणि माझ्या कानात सगळं शहर खालून वाहत चाललंय. मला वाटायचं आपण झोपलोय आणि हे पाणी आपल्याला स्वप्नात दिसतंय. मग कुणीतरी खिडकीतनं ओरडायचं, "अहो चावीवाले, आज बारीक का?" आणि मी म्हणायचो, "तुमच्या आवाजाला घाबरलंय."

शाळा सातवीपर्यंत. तोंड मात्र पहिल्यापासून वाईट. कुणाला काय बोलायचं ते तोंडावर बोलून टाकायचो, साहेब असो की नगरसेवक. बायकोनं मला एकदाच गप्प बसलेलं पाहिलं. ते सांगायलाच हे लिहायला घेतलंय.

ती डबे करायची. कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या तेव्हा नागपूरकडची, अमरावतीकडची पोरं आमच्या भागात खोल्या घेऊन राहायला लागली. सकाळी गळ्यात पट्टा अडकवून दांडेकर पुलाशी उभी राहायची, कंपनीची बस येऊन त्यांना हिंजवडीला घेऊन जायची. त्यांना पोळी-भाजी लागायची. तिनं दोन डब्यांनी सुरुवात केली आणि बघता बघता दारात डब्यांची रांग लागली. पोरं तिला मावशी म्हणायची. "मावशी, तिखट कमी हो." "मावशी, गोड काही?" मग ती शिरा करायची आणि उरलेला स्वतः कढईतनं खरवडून खायची, उभ्यानं. तिला गोड लागायचं. चहात साखर विरघळायची राहून खाली बसेल एवढी घालायची.

पायाच्या बोटाला जखम झाली, ती भरेना, तेव्हा साखर निघाली. पाठोपाठ बीपी निघालं. मलाही साखर निघाली, थोडी. ती म्हणाली, "बरं झालं. एकट्यानं कारलं खायला कंटाळा येतो."

तिला बीपीच्या दोन गोळ्या होत्या, एक मोठी आणि एक लहान गुलाबी. काही वर्षं नीट गेली. तोवर मुलगी शिकून हिंजवडीलाच लागली, आणि पहिल्या पगारात तिनं आईसाठी बीपी मोजायचं मशीन आणलं. दंडाला पट्टा गुंडाळायचा, बटण दाबलं की तो फुगतो, उतरतो, आणि आकडे दिसतात. मी त्याच्यावर खूष. आयुष्यभर दाबाचंच काम केलेला माणूस, घरात दाबाचा काटा आलेला. मी रोज सकाळी तिचा दंड पट्ट्यात घालायचो. आकडा डॉक्टरनं सांगितलेल्यातच यायचा. मी म्हणायचो, "लाइन एकदम ओके." ती म्हणायची, "झाकण लावा मग."

त्याच सुमाराला तिला खोकला लागला. कोरडा, कफ नाही, काही नाही. पोळ्या लाटताना खोकायची, बोलताना खोकायची. आलं झालं, मध झाला, हळद झाली. मग एकदा गुलाबी गोळी दुकानात मिळाली नाही. आठ-दहा दिवस गेले आणि खोकला थांबला. मशीन लावलं, तर आकडा तोच, हलला नाही.

मी म्हणालो, "ही गोळी नकोच. दाब बरोबर आहे. व्हॉल्व्ह उगाच फिरवायचा नसतो."

ती म्हणाली, "डॉक्टरला विचारू का?"

"डॉक्टरला काय विचारायचं? काटा समोर आहे. दाबातलं मला नको शिकवू."

तिला दाबातलं कधी शिकवायचं नव्हतं. ती म्हणाली, "बरं." गोळी बंद केली ती मी. डबीतनं काढून मीच फेकून दिली. मोठी गोळी चालू होती, आकडा तिच्यावर सावरलेला होता, हे मला कळलं नाही. डॉक्टरकडे जाणं त्या वर्षी लांबत गेलं, मुलीच्या लग्नाची गडबड होती. सात-आठ महिने असे गेले. एक दिवस ती मोरीतनं बाहेर येऊन म्हणाली, "साबण न लावता फेस येतोय." मी हसलो. मग पावलं सुजली. चपलेचे पट्टे तिच्या पावलात रुतून तशाच खुणा राहायच्या, बोटानं दाबलं तर खड्डा राहायचा.

किडनीच्या डॉक्टरीणबाई वयानं मुलीएवढ्या होत्या. कागद बघितले, पुन्हा बघितले, आणि विचारलं, "काकू, ती गुलाबी गोळी कधीपासून बंद आहे?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "मीच बंद केली हो. खोकला यायचा."

"कुणाला न विचारता?"

"हो. मनानंच."

डॉक्टरीणबाईंनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. एवढ्या समजूतदार दिसता, असं कसं करता, वगैरे. ती मान खाली घालून हो म्हणत होती. आणि मी, साहेबाला तोंडावर बोलणारा माणूस, शेजारच्या खुर्चीत हातावर हात ठेवून बसलो. ऐकत बसलो. तिच्या पदराला कणीक लागलेली होती, वाळलेली, तिच्याकडे बघत बसलो.

बाहेर आल्यावर जिन्यात मी म्हणालो, "खोटं कशाला बोललीस?"

"मग काय, तुम्हाला ती पोरगी बोलणार आणि मी बघत बसणार? तुम्हाला बोलायला घरी मी आहे ना."

पण घरी गेल्यावरही ती बोलली नाही. पोळ्या लाटायला घेतल्या. मी वाट बघत होतो, बोल म्हणून. आज बोलेल, उद्या बोलेल. आयुष्यभर मीठ कमी पडलं तरी टोमणा मारणारी बाई, त्या गोळीबद्दल शब्द काढीना.

चार दिवसांनी मी एकटाच दवाखान्यात गेलो. नंबर लावला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, काकू कुठंयत?" मी म्हणालो, "बाई, गोळी तिनं नाही, मी बंद केली. ती खोटं बोलली. आणि आता मला सांगा, मी काय केलं ते. माझं शिक्षण नाही, पण मी चावीवाला आहे, दाब मला कळतो."

त्या रागावल्या नाहीत. कागद उलटा केला आणि त्यावर एक गोळा काढला, आत गुंतवळ, केसांचा असतो तसा. एक नळी आत येणारी, एक बाहेर जाणारी.

"ही गाळणी. अशा लाखो असतात. पण किडनी नुसती गाळणी नाही काका, तिला दाब कळतो. रक्त कमी दाबानं येतंय असं वाटलं की ती एक एन्झाइम सोडते."

"म्हणजे काय?"

"भाकरी खूप वेळ चावली की गोड लागते ना? लाळेतल्या एन्झाइममुळं. एका पदार्थाचा दुसरा पदार्थ करून देणारं ते. किडनीनं सोडलेलं एन्झाइम एक पदार्थ बनवतं, मग दुसरं एन्झाइम त्याला पक्का करतं. तो पक्का पदार्थ रक्ताच्या नळ्या आवळतो. नळ्या आवळल्या की दाब वाढतो."

"म्हणजे चावीवालाच."

"हो. आणि तिथं दुसराही एक आहे, सैल करणारं एन्झाइम. पहिल्यानं आवळलं की हा सैल करतो. दोघं मिळून दाब सांभाळतात. डायबेटिस पुष्कळ दिवस राहिला की ही जोडी बिघडते. सैल करणारा मागं पडतो, आणि आवळणारा दाब पुरेसा असला तरी आवळतच राहतो. सगळ्यात जास्त कुठं आवळतो, तर इथं." त्यांनी बाहेर जाणाऱ्या नळीवर पेन टेकवलं. "आत येणारं रक्त तेवढंच, बाहेरचं तोंड बारीक. मग गाळणीचं काय होईल?"

"फुटेल."

"हळूहळू फाटते. प्रोटीन गळतं तिच्यातून. लघवीचा फेस तो तोच."

"पण बाई, काटा बरोबर होता. मी रोज बघत होतो."

"काका, ते मशीन दंडाचा दाब सांगतं. गाळणीतला नाही सांगत. ती गुलाबी गोळी नुसती दंडाच्या बीपीसाठी नव्हती. ती त्या आवळणाऱ्या एन्झाइमचा हात धरून ठेवायची, म्हणजे आतला दाब उतरायचा. खोकला काही जणांना येतो तिच्यानं. तेव्हाच्या डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी खोकला न येणारी दुसरी दिली असती."

मी कागदावरच्या त्या गोळ्याकडे बघत बसलो. कारण हे मला माहीत होतं. किडनीचं नाही, पण हे.

ओढ्याच्या कडेला एक गल्ली होती माझ्या भागात, सगळ्यात खाली. मेन लाइनच्या काट्यावर दाब बरोबर असायचा आणि तिथं पाइप फुटायचा. दर दोन-तीन महिन्यांनी. एक नवा इंजिनियर आला होता, तो म्हणाला, काटा तर नॉर्मल आहे. मी त्याला सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "साहेब, काटा वरती आहे, पाइप खाली फुटलाय. काट्याला काय विचारता, गल्लीत उतरा." बूट भरतील म्हणून तो उतरत नव्हता. मी उतरलो, पुढचा व्हॉल्व्ह गंजून अर्धा बंद झाला होता, पाणी येतंय आणि जायला तोंड नाही. तो सोडवला, त्यानंतर पाइप फुटला नाही. ही गोष्ट मी लोकांना वर्षानुवर्षं सांगितली. बायकोला तर पाठ होती.

मी विचारलं, "माझ्यामुळं झालं का?"

डॉक्टरीणबाईंनी पेनला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "आजार आधीपासून होता. गोळी घेऊनही कधीतरी इथवर आलं असतं कदाचित. गोळी थांबल्यानं लवकर आलं असेल. किती लवकर, ते मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही."

खोटं बोलल्या नाहीत, म्हणून मला त्या बऱ्या वाटल्या. निघताना म्हणाल्या, "तुम्हालाही शुगर आहे ना? लघवी तपासून घ्या." तपासली. माझ्याही लघवीत थोडं गळत होतं. त्यांनी मला तीच गुलाबी गोळी लिहून दिली. म्हणाल्या, खोकला आला तर मनानं थांबवायची नाही, मला सांगायचं.

मी पाकीट आणलं आणि देव्हाऱ्यामागं सरकवून ठेवलं. जी गोळी मी तिच्या डबीतनं काढली, ती आपल्या तोंडात कशी टाकायची? तिला ते सापडलं, झाडताना. हातात पाकीट घेऊन उभी राहिली.

"डॉक्टरकडे जाऊन आलात. खरं सांगून टाकलंत ना?"

"हो."

"वाटलंच. तुमच्या पोटात काही राहत नाही. आणि ही इथं का? देवाला बीपी झालंय का?"

"मी नाही घेणार."

"का?"

मी चहा ओतून घेतला. तिनं पाकीट माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं. दुसऱ्या दिवशीही. त्यानंतर रोज. एकाची तारीख संपत आली की मुलीकडनं दुसरं मागवायची. डायलिसिस चालू झालं, डबे बंद झाले, कंबर वाकली, पण ते पाकीट कपाशेजारी यायचं राहिलं नाही. आणि मी रोज म्हणायचो, उद्यापासून.

डायलिसिसच्या आधी तिच्या डाव्या हातात शिरा जोडल्या. फिस्टुला म्हणतात त्याला. एक नस दुसऱ्या नसेला जोडतात, म्हणजे तिच्यातनं रक्त जोरात वाहतं आणि मशीनला पुरतं. टाके निघाल्यावर तिथली सिस्टर म्हणाली, "आजोबा, इथं रोज बोटं ठेवून बघायची. आत घरघर लागली पाहिजे. थांबली तर लगेच फोन करायचा."

मी बोटं ठेवली.

ती चावीची थरथर होती. तीच. पहाटे पाणी सुटल्यावर दांड्यात चढायची ती. इतकी वर्षं जी रस्त्याखाली ऐकली ती बायकोच्या मनगटात, कातडीच्या खाली, गरम. ती म्हणाली, "काय झालं? तोंड का असं केलंत?" मी म्हणालो, "पाणी आलं." तिला कळलं. ती मला एकदा पहाटे बघायला आली होती, लग्न नवीन होतं तेव्हा, चहा घेऊन. मी तिला चावीला हात लावायला दिला होता. ती दचकून मागं सरली होती आणि मग पुन्हा हात लावला होता, जरा जास्त वेळ.

आठवड्यातनं दोनदा दवाखान्यात चार-चार तास. सगळे पेशंट ओळीनं निजलेले, सगळ्यांच्या हातातनं लाल नळ्या मशीनकडे जातात आणि परत येतात. पंखा फिरतो, मशीनं हळूहळू वाजतात. मी तिच्या पायाशी स्टुलावर बसायचो आणि डुलक्या घ्यायचो. त्या डुलक्यांत मला एकच दिसायचं. मी तिच्या आत आहे. पाइपासारखी लांब ओली जागा, भिंती मऊ, आणि लांबवर एक माणूस चावी फिरवतोय. खाकी शर्ट, माझ्यासारखाच पोक काढून उभा. आवळतोय. मी म्हणतो, "अरे बास, पोचलं पाणी. खालच्या गल्लीत फुटतंय." त्याला ऐकू जात नाही, पाण्याचा आवाजच तेवढा. मी चालत जातो, जवळ पोचत नाही. तो आपलं काम मन लावून करतोय, चुकीचं काही करतोय असं त्याला वाटतच नाही. मग ती पायानं मला ढकलायची. "घोरू नका, लोक झोपलेत."

एकदा त्या स्वप्नाचं तिला सांगितलं. म्हणाली, "मला भेटला तर सांगीन त्याला, घरी जा म्हणून. तुमच्यासारखाच असेल, सांगून ऐकणारा नाही."

तहान तिला फार. उन्हाळ्यात ओठांना भेगा पडायच्या. बाटलीतलं पाणी ती एकदम प्यायची नाही. घोट तोंडात धरून ठेवायची, गाल फुगवून, डोळे मिटून, आणि पुष्कळ वेळानं गिळायची. तेवढ्या वेळात तिच्याशी बोलायचं नाही, असा नियम होता. मी नळ सोडायचो भांडी घासायला, तर म्हणायची, "राहू दे थोडा चालू, आवाज ऐकते." आयुष्यभर पाण्यावर काम केलं, नळ वाया सोडलेला मला बघवायचा नाही, पण तिच्यासाठी सोडायचो. बारीक धार. ती ऐकत पडायची.

त्या शेवटच्या दुपारी जेवण झालं. तिनं एक घोट घेतला, तोंडात धरला, गिळला. म्हणाली, "बाकीचं चारला." पडली. मी पण खाली चटईवर पडलो. बाहेर उन्हात कुणीतरी भंगारवाला ओरडत चालला होता, त्याचा आवाज लांब लांब जात राहिला आणि मला झोप लागली. चारला उठलो. चहा टाकायच्या आधी सवयीनं तिच्या मनगटावर बोटं ठेवली.

काही नव्हतं. जरा दाबून बघितलं. मग जागा बदलून, वर, कोपराकडे. लाइन बंद झाली की चावी अशीच होते, नुसतं लोखंड. मी तिथंच बसून राहिलो, बोटं न काढता. मला माहीत होतं काय झालंय, पण वाटत होतं, हवा अडकली असेल. आधी काही होत नाही, मग हवा सुटते, मग पाणी येतं. वाट बघायची असते. चावीवाल्यानं घाई करायची नसते. किती वेळ बसलो कोण जाणे. उन्हाची पट्टी खाटेवरनं भिंतीवर गेली होती.

मग मुलीला फोन केला. ती हिंजवडीहून यायला निघाली, वाटेत गाड्यांची रांग, तिला दोन तास लागले. ती येईपर्यंत शेजारीपाजारी जमले होते. दिवे लागल्यावर बायकोला वैकुंठ स्मशानात नेलं. तिचा डावा हात मी चादरीच्या बाहेर ठेवायला सांगितला. कुणी का म्हणून विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती नेहमीच्या वेळेला. मुलगी भिंतीकडे तोंड करून झोपली होती, आईचीच साडी पांघरून. घरात चूल पेटायची नव्हती. शेजारच्या काकूंनी थर्मासमधे चहा आणून ठेवला होता, कपावर बशी झाकून. मी कपाशेजारी बघितलं. तिथं काही नव्हतं. कोण ठेवणार?

बाटली खाटेखाली होती. तळाला चार-पाच बोटं पाणी, चारचं आणि रात्रीचं तिचं राहिलेलं. ते ओतून टाकायला माझा हात होईना. मोरीपर्यंत गेलो आणि परत आलो.

देव्हाऱ्याच्या फळीवर पाकीट होतं, नवीन, एकही गोळी न फोडलेलं. कात्री सापडेना, दातानं फोडलं. गोळी लहान असते, दिसते त्याच्याहून लहान. जिभेवर ठेवली आणि तिच्या बाटलीतनं एक घोट घेतला. लगेच गिळला नाही. गाल फुगवून तोंडात धरून ठेवला, डोळे मिटले. बाहेर आमच्या गल्लीचं पाणी सुटलं होतं. नळात आधी हवा खाकरली, मग धार पडायला लागली, भरून ठेवलेल्या बादलीवरच. मी उठून तो बंद केला नाही. तोंडातला घोट पुष्कळ वेळानं गिळला. उरलेलं पाणी तसंच, एकेक घोट करून, संपेपर्यंत पीत बसलो.